जुन्या डिझेल गाडीची डिझेल लाईन सुधारताना : टाकीपासून पंपापर्यंत

वंटमुरी घाटात किंवा चोर्ल्याच्या चढावर जुनी डिझेल गाडी दम सोडू लागली, की पहिला सल्ला मिळतो तो इंजेक्शन पंपाचा, म्हणजे इंजिनाला मोजून डिझेल देणाऱ्या पंपाचा, स्क्रू फिरवून डिझेल वाढवण्याचा. तो ऐकू नका. अशा गाड्यांत पुष्कळदा पंप ठीक असतो, त्याच्यापर्यंत डिझेलच पुरेसे पोचत नसते. तशात स्क्रू फिरवला तर खालच्या वेगाला काळा धूर वाढतो आणि चढावरचे रडगाणे तसेच राहते.

इथे सांगितलेले काम, म्हणजे टाकीपासून नवी लाईन टाकून तिच्यात इलेक्ट्रिक फीड पंप (डिझेल पुढे ढकलणारा छोटा पंप) बसवणे, व्हीई जातीच्या रोटरी पंपासाठी आहे. त्यात एकच प्लंजर (दट्ट्या) सगळ्या सिलिंडरना डिझेल वाटतो. या पंपाच्या आत एक छोटा पात्यांचा पंप असतो आणि बऱ्याच गाड्यांत तोच मागच्या टाकीतून डिझेल ओढतो. इनलाइन पंपाला (प्रत्येक सिलिंडरचा प्लंजर वेगळा, सगळे एका ओळीत) बाजूला स्वतंत्र फीड पंप असतो. तिथे इलेक्ट्रिक पंप सहसा लागत नाही. फीड पंपाची जाळी आणि व्हॉल्व्ह साफ केले तरी बरेच काम होते.

आधी दोष शोधा. ओढणाऱ्या लाईनमध्ये फट पडली तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. म्हणून नुसते बघून काही कळत नाही. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक फ्युएल पाईप बसवा आणि इंजिन चालू करून बुडबुडे दिसतात का पाहा. पाण्याची साधी प्लास्टिक नळी लावली असेल तर ती डिझेलने कडक होऊन तडकते, तपासणी झाली की काढून टाका. येणाऱ्या लाईनमध्ये बुडबुडे असतील तर फट टाकी ते फिल्टर यांच्यात आहे. ती लाईन स्वच्छ आणि रिटर्नमध्येच (जादा डिझेल टाकीत परत नेणाऱ्या लाईनमध्येच) बुडबुडे असतील तर हवा पंपाच्या सीलमधून येते. सकाळी पहिल्या स्टार्टला त्रास आणि दिवसभर ठीक, ही खूण रात्री डिझेल उतरून टाकीत परत गेल्याची.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आले आणि गंधक ५० पीपीएमवरून (दहा लाख भागांत ५० भाग) १० वर उतरले. अशा डिझेलमध्ये जुन्या नायट्रिल रबराच्या रिंगा आकसतात आणि ॲक्सिलरेटरच्या दांड्यापाशी पंप पाझरू लागतो. तो ओलसर दिसला तर लाईन बदलून भागणार नाही. पंप कॅलिब्रेशनवाल्याकडे (डिझेल पंप बेंचवर लावून जुळवणाऱ्याकडे) नेऊन व्हिटॉनचे, म्हणजे डिझेलला टिकणाऱ्या रबराचे, सील टाकून घ्या.

हवा नाही, तरी ओढ नाही? त्याच जागी टी लावून व्हॅक्यूम गेज जोडा. नवा फिल्टर असताना चढावर पूर्ण लोडला ४ इंच मर्क्युरीच्या वर काटा गेला तर लाईन कुठेतरी तुंबली आहे. पहिला संशय टाकीच्या आतल्या जाळीवर, दुसरा टाकीच्या श्वासनळीवर (टाकीत हवा घेणाऱ्या नळीवर). गाडी दमल्यावर टाकीचे झाकण उघडताच फुस्स आवाज येऊन ती पुन्हा पळू लागली, तर श्वासनळी बंद आहे.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची अर्थ काढा. टाकीच्या तळाचा प्लग सैल करून दोन लिटर डिझेल काचेच्या बाटलीत काढा आणि अर्धा तास तसेच ठेवा. खानापूरकडच्या पावसाळ्यात किंवा बॅरलमधले डिझेल भरणाऱ्यांच्या गाडीत तळाला पाण्याचा थर हमखास दिसतो. व्हीई पंपाला वंगण डिझेलचेच असते, त्यामुळे आत गेलेले पाणी पाती आणि प्लंजर खाते.

नव्या लाईनचा क्रम असा : टाकी, वॉटर सेपरेटर, इलेक्ट्रिक फीड पंप, मूळ फिल्टर, मग मुख्य पंप. सेपरेटर फीड पंपाच्या आधीच हवा. नंतर लावला तर पंपाने घुसळून बारीक केलेले थेंब त्याला पकडता येत नाहीत.

अडीच लिटरपर्यंतच्या इंजिनाला आतून ८ मिमीची लाईन पुरते, म्हणजे बाहेरून १० मिमी आणि १ मिमी जाडीचा स्टील पाईप. बेळगावच्या उद्यमबागेत हायड्रॉलिक पाईपची कामे चालतात. जुना पाईप नमुन्याला नेऊन तसाच वाकवून घ्या. एसीवाल्याकडचा तांब्याचा पाईप वापरू नका. तांब्यामुळे डिझेल लवकर चिकट होते, आणि हादऱ्यांनी तो तडकतो. रिटर्नची लाईन मूळ मापापेक्षा बारीक करू नका. ताशी ८० च्या वेगाला लिटरमागे १२ किलोमीटर देणारी गाडी तासाला सातएक लिटरच जाळते, पण पंप थंड ठेवणारे उरलेले सगळे डिझेल रिटर्ननेच परत जाते.

फीड पंप १२ व्होल्टचा, डिझेलला चालणारा आणि ०.२ ते ०.३५ बार दाबाचा घ्या. भंगारातून पेट्रोल इंजेक्शन गाडीचा टाकीतला पंप आणून लावणारे भेटतात. तो ३ बारच्या आसपास दाब देतो. त्या दाबाने व्हीईचा शाफ्ट सील सुटतो आणि डिझेल टायमिंग बेल्टवर, किंवा गिअरवर चालणारा पंप असेल तर थेट इंजिन ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइल वाढलेले दिसले की गाडी तिथेच बंद करा.

हे पंप ढकलतात चांगले, ओढतात कमी. त्यामुळे तो टाकीजवळ, तिच्या तळाच्या पातळीला, रबरी बुशवर बसवा. वीज बॅटरीवरून फ्यूज आणि रिलेमार्फत (चावीच्या हलक्या करंटवर चालणाऱ्या स्विचमार्फत) द्या : रिलेच्या ३० नंबरच्या टोकावर बॅटरी, ८७ वर पंप, ८६ वर चावीची लाईन, ८५ ला अर्थ. दीड चौरस मिमीची वायर आणि ५ अँपिअरचा फ्यूज पुरे, फ्यूज बॅटरीजवळच.

मुख्य पंपावरचे दोन बँजो बोल्ट (ज्यांच्या आतून डिझेल जाते असे पोकळ बोल्ट) दिसायला सारखे, पण रिटर्नच्या बोल्टवर इंग्रजीत ‘आऊट’ कोरलेले असते. उजेडाकडे धरून पाहा, त्यात जेमतेम अर्ध्या मिमीचे भोक असते. त्या भोकामुळेच पंपाच्या पोटात दाब टिकतो आणि वेगाबरोबर टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) पुढे सरकते. अदलाबदल झाली तर पंप उपाशी राहतो, टायमिंगही सरकत नाही, आणि दोष भलतीकडेच शोधला जातो. कॉपर वॉशर दर वेळी नवे घाला, बोल्ट २५ न्यूटन-मीटरच्या आसपास आवळा.

आता बॅटरीची अर्थ पुन्हा जोडा आणि हवा काढा. चावी देऊन फीड पंप अर्धा मिनिट चालवा, फिल्टरचा ब्लीड स्क्रू सैल करा, सलग धार आली की आवळा. मग दोन नोझलना (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागांना) येणाऱ्या पाईपांचे नट अर्धा फेरा सैल करून स्टार्टर मारा, एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये मिनिटभर विश्रांती. डिझेल उडू लागले की नट आवळा. या नटांजवळ बोट नेऊ नका. हा फवारा कातडीतून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक दवाखाना गाठा.

फिल्टरनंतर प्रेशर गेज लावून पाहा. आयडलला ०.२ ते ०.३५ बार हवा आणि पूर्ण लोडला काटा शून्याखाली जाता कामा नये. एवढे करूनही ओढ कमी वाटली तर नोझल तपासून घ्या. प्री-चेंबरच्या (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटणाऱ्या) जुन्या इंजिनांत ती साधारण १२० ते १५० बारला उघडतात, नेमका आकडा मॅन्युअलप्रमाणे धरा. स्क्रूला हात लावायचाच असेल तर कॅलिब्रेशनच्या बेंचवर लावा. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिटची (धुराच्या दाटपणाचे माप) आहे, आणि अंदाजाने फिरवलेला स्क्रू ती सहज ओलांडतो.

प्रवाह वाढल्याने टाकीतला जुना गाळ सुटून पुढे येतो, म्हणून पहिला फिल्टर ५०० किलोमीटरलाच बदला आणि त्याच वेळी सगळ्या क्लिपा पुन्हा आवळा. पावसाळ्यात सेपरेटरचे पाणी आठवड्याला सोडा.