उपग्रहातून छोटे सागरी प्रवाह बघताना या चुका टाळा

दोनापावलच्या जेटीवरून पावसाळ्यात जुवारीचं गढूळ पाणी आणि समुद्राचं पाणी यांच्यामधली फेसाची रेघ साध्या डोळ्यांना दिसते. तसले छोटे प्रवाह उपग्रहाच्या नकाशात शोधताना मात्र हमखास फसायला होतं.

पहिली चूक म्हणजे नकाशावरचे बाण मोजलेले आहेत असं मानणं. उपग्रह प्रवाह बघत नाही, समुद्राच्या पृष्ठभागाची उंची मोजतो. बाण त्या उंचीच्या उतारावरून काढलेले असतात. जुने उपग्रह फक्त आपल्या पोटाखालची एक रेघ मोजत, त्यामुळे रोजच्या नकाशात दोन रेघांमधली जागा गणिताने भरलेली असते. अशा नकाशाची पाव अंशाची एक चौकट सुमारे 27 किलोमीटरची, म्हणून तेवढा भोवरा दिसेलच असं नाही.

16 डिसेंबर 2022 ला सोडलेला स्वॉट हा उपग्रह एका रेघेऐवजी 50 किलोमीटर रुंदीचे दोन पट्टे मोजतो, मध्ये 20 किलोमीटरची फट. त्याच वाटेवर तो 21 दिवसांनी परततो. लहान भोवरा तोवर विरून जातो. दोन चित्रं जोडून भोवऱ्याचा प्रवास दाखवू नका.

सगळ्यात महागात पडते ती भरतीची चूक. गोव्याच्या अक्षांशावर 10 किलोमीटरमागे 1 सेंटिमीटर उतार म्हणजे सेकंदाला जवळपास 25 सेंटिमीटरचा प्रवाह! सेंटिमीटरभर चुकलात की नसलेला प्रवाह तयार. मी स्वतः खंडमंचाच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या, काठाशी समांतर दिसलेल्या पट्ट्यांवर तीन आठवडे बाण काढत बसलो होतो. ती अंतर्गत भरती निघाली: वरचं गरम आणि खालचं थंड पाणी यांची सीमा खोलवर वरखाली होते आणि पृष्ठभाग किंचित उचलला जातो. आता आधी अंतर्गत भरतीची दुरुस्ती, म्हणजे तिच्यामुळे पृष्ठभाग किती उचलला असेल याचा अंदाज, वजा करतो. पट्टे फिकटले तर बाण काढतच नाही. न फिकटले तरी लगेच हुरळून जात नाही, कारण ही दुरुस्ती सगळी अंतर्गत भरती पुसत नाही.

मग त्याच दिवसाचं तापमान आणि पाण्याचा रंग ताडून बघा. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी वरचा पातळ थर तापतो आणि तापमानातली सीमारेषा पुसली जाते, म्हणून रात्रीचं चित्र घ्या. पावसाळ्यात ढग आडवे येतात, आणि मांडवीच्या मुखाशी गाळामुळे पाण्याच्या रंगावरून काढलेलं हरितद्रव्य (सूक्ष्म वनस्पतींमधलं) उगाच जास्त दिसतं.

कळंगुटच्या किनाऱ्यावर माणसाला आत ओढणारा प्रवाह जेमतेम काही दहा मीटर रुंद असतो. तो या नकाशांत शोधू नका. तिथे लाल बावटा बघा आणि जीवरक्षकाला विचारा.