पाणथळ जागेसाठी सरकारी निधी मागताय? या चुका टाळा

पाणथळीच्या निधीसाठी लिहिलेले प्रस्ताव माझ्याकडे वाचायला येतात. बहुतेकांत पहिलंच काम असतं, ‘तलावाचे खोलीकरण व सुशोभीकरण’. ते वाचलं की मी पुढचं पान उलटत नाही. आधी विचारतो, इथे पक्षी नेमके कुठे उभे राहतात?

तुतारी पक्ष्याला बोटभर पाणी लागतं, लांब पायांच्या शेकाट्याला फार तर वीतभर. हा उथळ, चिखलाचा काठ म्हणजेच पाणथळ. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मधमेश्वरचंच बघा. बंधारा सिंचनासाठी बांधला, त्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला, उथळ डबकी आणि बेटं तयार झाली, पक्षी आले आणि २०२० मध्ये ती महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाली. जो गाळ आपण सरसकट उपसायला निघतो, त्यानेच ती घडवली.

एका गावाच्या तळ्याचा प्रस्ताव मीही तपासला होता. गाळ काढायचा, एवढंच त्यात लिहिलं होतं आणि मी ते तसंच जाऊ दिलं. उन्हाळ्यात पोकलेन आला, पंधरा दिवसांत चारही काठ उभे कापले गेले. शेतांना गाळ मिळाला, पाणीही जास्त साठलं, गाव खूश होतं. हिवाळ्यात मी दुर्बीण घेऊन गेलो तर मधल्या खोल पाण्यात वारकरी पक्षी आणि पाणकावळे, बाकी काठ रिकामे. दरवर्षी येणारे शेकाटे आणि चमच्यासारख्या चोचीचे चमचे पक्षी उतरलेच नाहीत. म्हशींनाही पाण्यात जायला उतार राहिला नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात एका बाजूला माती भरून उतार परत केला. त्याचा खर्च कुठल्याच योजनेत बसला नाही, गावानेच वर्गणी काढली.

तेव्हापासून माझी सवय अशी. डिसेंबरात एकदा आणि मेमध्ये एकदा खुणा केलेली काठी घेऊन काठाकाठाने पाण्यात चालायचं, खोली लिहायची, कुठला पक्षी कुठे दिसला ते नकाशावर मांडायचं. गाळ काढायचाच असेल तर मधल्या भागातला. काठापासून किती मीटरपर्यंत यंत्र आणायचं नाही, हे अंदाजपत्रकातच लिहायचं. कंत्राटदाराला तोंडी सांगितलेलं टिकत नाही. या कामाला एक वर्ष जातं, म्हणून नवी मंडळी कुरकुरतात. पण वर्षभर न पाहिलेल्या जागेसाठी पैसा मागणं मला पटत नाही.

दुसरी चूक कागदाची. २०१७ च्या पाणथळ नियमांच्या व्याख्येत नदीपात्र, भातशेती आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय येत नाहीत. हे न बघता लोक त्याच नियमांचा आधार घेऊन अर्ज करतात आणि महिने वाया घालवतात. आधी सातबारा काढा. जमीन ग्रामपंचायतीची, महसूलची की पाटबंधारे खात्याची, हे ठरल्याशिवाय एक ओळ लिहू नका.

जॉगिंग ट्रॅक, कारंजं, दिवे: नकोच. अधिसूचित पाणथळीत सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम चालत नाही, अपवाद फक्त होड्यांच्या धक्क्याचा.

काठावरच्या गवताळ, मोकळ्या जागेत झाडं लावू नका. टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालते.

जलपर्णी काढून काठावर टाकली की पहिल्या मोठ्या पावसात ती परत पाण्यात. शिवाय तिचं बी चिखलात कित्येक वर्षं जिवंत राहतं, म्हणून एका वर्षाचा खर्च मागून उपयोग नाही. आणि वरून सांडपाणी येतच असेल तर आधी ते अडवायला पैसा मागा.

पैशाचं वेळापत्रकही बघा. राष्ट्रीय जलीय परिसंस्था संवर्धन योजनेत आपल्यासारख्या राज्याला केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. राज्याचा वाटा कुठून येणार, हे संबंधित खात्याला आधीच विचारून ठेवा. पुढचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्यावर अडतो, त्यामुळे मी पावत्या आणि कामाआधीचे-नंतरचे फोटो त्याच दिवशी फाइलला लावतो. फोटो दरवेळी एकाच दगडावर उभं राहून काढायचा. तो दगड कुठला, तेही फाइलमध्ये लिहून ठेवतो.