मृगाआधी बुकिंग आणि गोदाम जुळवून घ्या

७-८ जूनला मृग लागतो. एकदा पेरणीजोगा पाऊस झाला की कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर मान वर करायला सवड मिळत नाही. म्हणून सोयाबीनच्या बुकिंगची शीट आणि गोदामाची शीट त्याआधीच्या आठवड्यातच ताडून बघायची.

कॉम्प्युटरवर नंतर बसा, आधी गोदामात जा. थप्प्या स्वतः मोजा. फाटलेल्या, ओल लागलेल्या, मुदत संपलेल्या बॅगा वेगळ्या रकान्यात टाका. त्या गोदामात आहेत, पण विकायच्या नाहीत. खताच्या विक्रीची नोंद ज्यावर होते त्या पॉस मशीनवरचा साठाही त्याच दिवशी उतरवून घ्या.

मग नावं. काउंटरवर ‘सोया ३३५’, गोदामात ‘जेएस-३३५’, बिलावर ‘जे एस ३३५’. आपल्याला कळतं, शीटला हे तीन वेगळे वाण वाटतात. प्रत्येक वाणाला एकच कोड द्या आणि बॅगेचं वजन त्या कोडातच घ्या. शेतकरी एकरावर हिशोब करतो, एकरी ३० किलो. बॅग २५ किलोची असेल तर ‘चार एकराचं द्या’ म्हणजे चार बॅगा नव्हे, पाच. खतातही युरियाची गोणी ४५ किलोची आणि डीएपीची ५० ची. कोडामागे चुकून पडलेली स्पेस (मोकळी जागा) शीटमधल्या ट्रिम सूत्रानं काढा. एका शीटमधला आकडा कोडावरून शोधून दुसरीत आणणारं व्हीलूकअप सूत्र वापरत असाल तर शेवटी फॉल्स लिहायला विसरू नका, नाहीतर तो जवळपासचा भलताच आकडा आणून ठेवतो.

आता खरी मेख. मी एका हंगामात प्रत्येक ऑर्डरसमोर ‘माल आहे का’ एवढंच तपासलं होतं. एमएयूएस ६१२ या सोयाबीन वाणाच्या १२० बॅगा होत्या. ऑर्डरी तीन: ५०, ४५ आणि ४०. प्रत्येक आकडा १२० पेक्षा कमी, म्हणून तिन्ही ओळींत ‘आहे’. बेरीज मात्र १३५. तिसऱ्या गावचा माणूस टेम्पो घेऊन आला, तेव्हा थप्पीत २५ बॅगा उरलेल्या. अ‍ॅडव्हान्सची पावती त्याच्या हातात होती. त्याचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे.

तेव्हापासून ऑर्डरी पावतीच्या तारखेनं लावतो आणि चढती बेरीज घेतो. अटीनुसार बेरीज करणाऱ्या सम-इफ्स सूत्रात रेंजची, म्हणजे बेरजेच्या पट्ट्याची, पहिली ओळ डॉलरच्या खुणेनं ($) बांधायची, शेवटची मोकळी सोडायची. म्हणजे प्रत्येक ओळीत त्या कोडाची तिथपर्यंतची मागणी दिसते. विकण्याजोग्या साठ्यातून ती वजा करा. तिसऱ्या ओळीत उणे १५ आपोआप येतं. उणे आकडा लाल दिसेल असं फॉरमॅटिंग लावा. कुणी बुकिंग रद्द केलं तर ओळ खोडू नका, बॅगांच्या जागी शून्य लिहा. पावतीचा माग राहतो.

लाल ओळीतल्या शेतकऱ्यांना त्याच दिवशी फोन करा. किती बॅगा मिळतील ते स्पष्ट सांगा, त्याऐवजी एमएयूएस ७१ हा वाण चालेल का विचारा, नसेल चालत तर अ‍ॅडव्हान्स परत घेऊन जायला सांगा. म्हणजे त्यांना दुसरीकडे बघायला वेळ मिळतो. जे ठरेल ते त्याच ओळीत, तारखेसकट लिहून ठेवा.