आधी मीटरचं लुकलुकणं मोजा, मग सोलरचे किलोवॅट ठरवा

गच्चीवर सोलर बसवायचं म्हटलं की नाशिकमध्ये पहिला प्रश्न येतो, "तीन किलोवॅट पुरेल ना?" खरं तर हा शेवटी विचारायचा प्रश्न. वापर न छाटता पॅनल वाढवणं म्हणजे गळक्या टाकीवर मोठी मोटार लावणं.

सुरुवात मीटरपासून करा. रात्री दिवे, पंखे, फ्रिज बंद करा, मेन स्विच मात्र चालू ठेवा. मीटरवरचा लाल दिवा एका युनिटला किती वेळा लुकलुकतो ते मीटरवरच छापलेलं असतं, बऱ्याच घरगुती मीटरवर ३२००. दहा मिनिटांत तो ३२ वेळा लुकलुकला, तर सगळं 'बंद' असताना ६० वॅट चालू आहेत. म्हणजे महिन्याला ४३ युनिट. रिमोटने बंद केलेला टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, राउटर, बॅटरीचा इन्व्हर्टर असे हे चोर. भिंतीवरची बटणं बंद केली की निम्मा भार तरी सहज जातो. सगळे प्लग काढूनही दिवा लुकलुकत राहिला, तर वायरिंगमध्ये गळती असू शकते. आधी वायरमन बोलवा.

मग पंखे. जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटारीचा) पंखा ३० च्या आसपास. चार पंखे रोज १२ तास फिरत असतील तर महिन्याला ६५ युनिट वाचतात. एलईडी बहुतेक घरांत आलेच आहेत, त्यात आता फार काही उरलेलं नाही. फ्रिजच्या दारात दहाची नोट अडकवून ओढा. सहज निघाली तर रबर बदला. हिवाळ्यात खरा खादाड गीझर. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला ०.७ युनिट लागतं आणि मग आपण त्यात गार पाणी मिसळतो. थर्मोस्टॅट ५० वर ठेवा, आंघोळीआधी दहा-पंधरा मिनिटं चालू करा. दिवसभर चालू ठेवलेला गीझर नुसता स्वतःला गरम ठेवण्यात वीज घालवतो.

आता हिशेब. गेल्या १२ महिन्यांच्या बिलांतले युनिट एकत्र करा आणि १४०० ने भागा, कारण आपल्याकडे एक किलोवॅट वर्षाला साधारण तेवढी वीज देतो. एकट्या मे महिन्यावरून ठरवलं तर प्रकल्प मोठा होतो. महिना ३०० म्हणजे वर्षाला ३६०० युनिटांच्या घराला अडीच किलोवॅटच्या वर लागतील. पंखे नऊ महिने धरून ५८५ आणि लपलेल्या भारातले निम्मे २५८ वजा केले की उरतात २७५७, म्हणजे दोन किलोवॅट. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये अनुदान आहे, तिसऱ्याला १८,०००. तिसरा किलोवॅट टाळता आला तर टाळाच.

दोन किलोवॅटला ५४० वॅटचे चार पॅनल आणि सुमारे २०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. 'बिनसावलीची' हा शब्द नीट घ्या. नाशिक २० अक्षांशावर आहे, म्हणून पॅनल दक्षिणेकडे तोंड करून साधारण २० अंश कलते ठेवतात. २१ डिसेंबरला भर दुपारी, म्हणजे घड्याळात साडेबाराच्या सुमारास, एक मीटर कठड्याची सावली जवळजवळ एक मीटर पडते. त्याच दिवशी सकाळी नऊला ती अडीचपट होते. नाशिकच्या सिडको वसाहतीतल्या रो-हाऊसच्या गच्चीवर जिन्याची खोली, पाण्याची टाकी आणि शेजाऱ्याचा वाढीव मजला असं सगळं दाटीनं असतं, त्यामुळे जागा डिसेंबरची सावली डोळ्यांसमोर ठेवूनच आखा. पॅनल एका माळेत जोडलेले असतात, एकाच्या कोपऱ्यावर टाकीची सावली आली तरी सगळ्या माळेची वीज घटते.

स्लॅबला भोकं पाडून बोल्ट ठोकू देऊ नका, पहिल्याच पावसात खालची खोली गळेल. काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यावर सांगाडा उभा करा. अर्थिंगचे खड्डे तीन हवेत: डीसी (पॅनलकडची वीज), एसी (घराकडची वीज) आणि आकाशातली वीज जमिनीत सोडणारा वीजरोधक यांचे वेगवेगळे. सोलरचा इन्व्हर्टर, म्हणजे डीसीची एसी करणारा डबा, सावलीच्या भिंतीवर लावा, उन्हात तापला की तो स्वतःच उत्पादन कमी करतो. अनुदानासाठी पॅनल भारतीय सेलचेच लागतात, तेव्हा बिलावर तसं लिहून घ्या.

महावितरणचा नेट मीटर (आत येणारी आणि बाहेर जाणारी वीज वेगवेगळी मोजणारा) बसेपर्यंत प्रकल्प चालू करू नका. जुना मीटर बाहेर जाणारी वीजही तुमच्या वापरात मोजू शकतो आणि बिल कमी व्हायचं सोडून वाढतं. आणखी एक गोष्ट विक्रेते पुटपुटत सांगतात: बॅटरीशिवायचा ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या तारांना जोडलेला सोलर प्रकल्प, लाइट गेली की बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला शॉक लागू नये म्हणून ती सोय मुद्दाम केलेली असते.

उन्हाळ्यात धूळ बसते, दर पंधरा दिवसांनी धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर तडा जाऊ शकतो, म्हणून सूर्य वर यायच्या आत उरका. बोअरच्या जड पाण्याने धुतल्यास क्षारांचा पांढरा थर राहतो, नळाचं पाणी आणि मऊ फडकं वापरा. कबुतराची विष्ठा मात्र दिसल्या दिवशी काढा, तिच्याखालचा सेल तापून जळू शकतो.