गोळ्या घेतल्या का? : वृद्ध आई-वडील आणि सासू-सासरे यांच्याशी वागताना या चुका टाळा

पुण्या-मुंबईत किंवा परदेशात राहणारी मुले गावाकडे फोन करतात, तेव्हा बोलण्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो. जेवण झाले का, गोळ्या घेतल्या का, बीपी तपासले का, कामाच्या बाई आल्या होत्या का, एवढे चार प्रश्न संपले की वडील ‘घे, आईशी बोल’ असे म्हणून फोन आईच्या हातात देतात आणि आई तीच चार उत्तरे पुन्हा देते. फोन ठेवल्यावर मुलांना कर्तव्य पार पडल्याचे समाधान मिळते. आई-वडिलांना मात्र वर्गात हजेरी दिल्यासारखे वाटते. माझे माहेर सांगलीचे, सासर अमरावतीचे आणि संसार पुण्यात, त्यामुळे ही हजेरी मी दोन्ही घरांची कित्येक वर्षे घेतली आहे. पुढे सांगितलेल्या चुकांपैकी बऱ्याच आमच्या घरातल्याच आहेत, आणि त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट होती: त्यांची काळजी घेण्याच्या भरात आम्ही त्यांच्याकडून काही घेणेच बंद केले होते.

हजेरीचा फोन

ज्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच असते, त्याने बोलणे पुढे जात नाही. जे फक्त त्यांनाच ठाऊक आहे, ते विचारावे. माझे वडील एरवी फोनवर दोन वाक्यांपलीकडे जात नाहीत, परंतु पावसाळ्यात ‘कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे’ असे विचारले की त्यांना थांबवावे लागते. चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीस फुटांना धोका, कोयनेतून किती विसर्ग सुरू आहे, २०१९ च्या पुरात पाणी कोणत्या गल्लीपर्यंत आले होते, हे सर्व त्यांना तोंडपाठ आहे, आणि ते सांगताना त्यांचा आवाजही बदलतो. कोणाला भावकीतले नाते उलगडून विचारता येईल, कोणाला कैरीच्या फोडींना मीठ किती लावायचे ते विचारता येईल. मात्र उत्तर मिळाल्यावर ते खरोखर वापरावे आणि लोणचे कसे झाले ते कळवावे; केवळ त्यांना बरे वाटावे म्हणून विचारलेला प्रश्न त्यांना लगेच ओळखू येतो.

आठवड्यातून एकदा तासभर बोलण्यापेक्षा एक दिवसाआड पाच मिनिटे बोलणे अधिक उपयोगी पडते, कारण रोजच्या बारीकसारीक गोष्टी आठवडाभर साठवून ठेवल्या की त्या सांगण्याजोग्या वाटत नाहीत. अमेरिकेत राहणाऱ्यांनी फोनची वेळ भारतीय घड्याळाप्रमाणे ठरवावी. तिकडची घड्याळे मार्चमध्ये पुढे आणि नोव्हेंबरमध्ये मागे होतात, आपली होत नाहीत; त्यामुळे न्यूयॉर्कहून सकाळी नऊला केलेला फोन उन्हाळ्यात इथे साडेसहाला आणि हिवाळ्यात साडेसातला वाजतो, आणि साडेसातला मालिका सुरू झालेली असते. मालिकेच्या वेळी आलेला फोन आई घेते खरी, पण तिचे डोळे पडद्यावर असतात, आणि त्याबद्दल तिला दोष देता येणार नाही.

जे हट्टीपणा वाटते, ते कदाचित ऐकू येत नसेल

वडील फोन लगेच दुसऱ्याच्या हाती देतात, चारचौघांत गप्प बसतात, विचारले एक की सांगतात भलतेच, आणि टीव्ही मात्र घर दणाणेल इतका मोठा लावतात, अशी तक्रार अनेक घरांत असते. त्याला हेकेखोरपणा म्हटले जाते, कधी विसराळूपणाही म्हटले जाते. वयाबरोबर येणारा बहिरेपणा आधी उंच पट्टीच्या आवाजांवर येतो. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ यांसारखी व्यंजने त्या पट्टीत असतात, म्हणून कोणीतरी बोलते आहे हे कळते, पण काय बोलते आहे ते कळत नाही. ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत फरक एका ‘स’चाच आहे. बायकांचे आणि लहान मुलांचे बोलणे तुलनेने उंच पट्टीतले असल्यामुळे सून आणि नात काय म्हणतात ते समजत नाही, मुलाचे मात्र समजते, आणि मग ‘आमचे ऐकत नाहीत, मुलाचे बरोबर ऐकतात’ असा समज सुनेच्या मनात घर करतो. कित्येक रुसवे या एका कारणातून निघालेले मी पाहिले आहेत.

अशा वेळी ओरडून उपयोग होत नाही, कारण ओरडण्याने स्वर मोठे होतात, व्यंजने स्पष्ट होत नाहीत. समोर बसून, तोंड त्यांच्याकडे ठेवून, थोडे सावकाश बोलावे. फोनऐवजी व्हिडिओ कॉल केल्यास ओठांची हालचाल दिसते. आणि स्पीकर लावून सहा जणांनी एकाच वेळी बोलणे पूर्ण बंद करावे. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी करून घ्यावी. श्रवणयंत्र लागले, तर पहिले काही आठवडे ते नकोसे वाटते, कारण भांड्यांचा, पंख्याचा, वाहनांचा विसरलेला आवाज एकदम परत येतो. त्यामुळे ‘एवढे पैसे घालवले आणि यंत्र कपाटात पडले आहे’ असे म्हणण्याआधी रोज तास-दोन तासांपासून सवय लावावी. चष्मा लावण्यास कोणी लाजत नाही, कानातल्या यंत्राला मात्र लाजतात. हा संकोच घालवायला मुलांपेक्षा यंत्र वापरणारा एखादा समवयस्क मित्र अधिक कामी येतो.

जोडीदारामार्फत चालणारे नाते

सासू-सासऱ्यांची खुशाली विचारणे हे सुनेचे काम आणि निर्णय सांगणे हे मुलाचे काम, अशी वाटणी आजही अनेक घरांत चालते. जावयाची गत निराळीच असते. अधिक महिन्यात त्याला तेहतीस अनारसे देतात, जेवताना आग्रह करतात, पण त्याने सासऱ्यांना स्वतःहून फोन करावा अशी कोणाची अपेक्षा नसते. दोन्हीकडे परिणाम एकच होतो: ते माणूस आपल्याला फक्त जोडीदारामार्फत माहीत असते, आणि जोडीदाराच्या तक्रारी तेवढ्या आपल्यापर्यंत पोहोचतात.

मी सासूबाईंना पंधरा वर्षे ‘अहो आई’ म्हणत आले आहे आणि आमच्यातले हे ‘अहो’ कधी गळावे असे मला वाटत नाही. सासू ही आईच झाली पाहिजे, हा आग्रह मला अनाठायी वाटतो. अंतर ठेवूनही माणसे एकमेकांना आवडू शकतात. सासूबाई निवृत्त शिक्षिका आहेत. मुलीचा मराठीचा निबंध मी त्यांच्याकडे पाठवू लागले, त्या लाल शाईने दुरुस्त करून त्याचा फोटो परत पाठवू लागल्या, आणि त्यानंतर आमचे जे बोलणे सुरू झाले त्यात माझ्या नवऱ्याचा काही संबंध राहिला नाही. माझ्या वडिलांकडे जुनी मोटारसायकल आहे. तिच्या कार्बोरेटरविषयी त्यांचे आणि माझ्या नवऱ्याचे काय बोलणे होते ते मला आजतागायत कळलेले नाही. तात्पर्य एवढेच, की प्रत्येकाने समोरच्या घराशी आपला स्वतःचा एक धागा बांधावा. कटू गोष्ट सांगायची झाल्यास मात्र ज्याने-त्याने आपापल्या आई-वडिलांना सांगावी. ती सुनेच्या किंवा जावयाच्या तोंडी घालू नये.

मुलीच्या घरी राहणे बरे दिसत नाही, ही समजूतही अजून संपलेली नाही. विवाहित आणि स्वतः कमावत्या मुलीवरही आई-वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच सांगितले आहे, आणि आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ या कायद्यातही मुलगा आणि मुलगी असा भेद केलेला नाही. अर्थात कायद्याचा दाखला देऊन कोणाची आई लेकीकडे राहायला येत नाही. भावाने ‘तिच्याकडे राहा, त्यात आम्हाला कमीपणा नाही’ असे उघड म्हटले, तरच ती निःशंक मनाने येते.

मोबाइल शिकवण्याऐवजी काढून घेणे

वडिलांचे वीजबिल मुलगा पुण्यातून वडिलांच्याच कार्डावरून भरतो आणि फोन करून म्हणतो, ‘बाबा, आता ओटीपी येईल, तो पटकन सांगा.’ ही सोय फार महागात पडू शकते, कारण फोनवर मागितलेला ओटीपी पटकन सांगायचा असतो ही सवय आपणच त्यांना लावतो आणि मग भामट्याने तोच ओटीपी काढून घेतला की त्यांनाच बोल लावतो. आपल्या कार्डावरून भरावे किंवा समोर बसून त्यांनाच भरायला शिकवावे. ओटीपी घरच्या माणसालाही सांगायचा नाही, असा नियम असावा. यूपीआयसाठी निराळे बचत खाते ठेवून त्यात महिन्याच्या खर्चापुरतीच रक्कम ठेवल्यास मोठे नुकसान टळते. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कोणतीही अटक कायद्यात नाही, पोलीस किंवा सीबीआय व्हिडिओ कॉलवर कोणाला बसवून ठेवत नाहीत, हे त्यांना प्रसंग येण्याआधी सांगून ठेवावे. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. पैसे पुढच्या खात्यांत वळते होण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता असते.

त्या घटकेला रागावणे ही सर्वांत मोठी चूक ठरते. ज्याला एकदा ‘तुम्हाला शंभर वेळा सांगितले होते’ असे ऐकावे लागते, तो पुढच्या वेळी दोन दिवस कोणाला काही सांगत नाही, आणि नेमके तेच दोन दिवस मोलाचे असतात.

दुसरी गोष्ट हयातीच्या दाखल्याची. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना तो नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो, आणि २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. आम्ही तो मोठ्या हौसेने सासऱ्यांचा घरबसल्या काढून दिला. त्यांनी आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी तरीही बँकेत गेले. जुन्या कचेरीतले सहकारी त्याच आठवड्यात तिथे येतात, मग सगळे मिळून चहाला जातात, हे आम्ही विचारलेच नव्हते. ज्यांना गुडघ्यांमुळे खरोखर जाता येत नाही त्यांच्यासाठी ही सोय उत्तम आहे, परंतु एखादी खेप वाचवण्याआधी ती त्यांना वाचवायची आहे का, ते विचारावे.

घाईघाईने केलेले स्थलांतर

दोघांपैकी एक गेल्यावर तेराव्याच्या आतच उरलेल्याला शहरात आणण्याचे आणि घर विकण्याचे बोलणे सुरू होते. हेतू चांगला असला, तरी माणूस, घर आणि गाव अशा तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात सुटतात आणि अकराव्या मजल्यावरच्या घरात भाजीवालीची हाकसुद्धा ऐकू येत नाही. निदान वर्षभर घर विकू नये. पावसाळ्याचे चार महिने शहरात आणि उरलेले गावी, असे करून पाहावे. शहरातल्या घराची किल्ली त्यांच्याकडे असावी, एक कपाट पूर्णपणे त्यांचे असावे, आणि घरातले एखादे काम, मग ते दूध-वर्तमानपत्राचा हिशेब ठेवण्याचे का असेना, त्यांच्याकडे सोपवलेले असावे. परिसरातल्या ज्येष्ठ नागरिक संघात पहिल्या दिवशी सोबत जावे. दुसऱ्या दिवशी जाऊ नये. एसटीत पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे, पासष्ट ते पंच्याहत्तर वयाच्यांना अर्धे तिकीट पडते, आणि महिलांना २०२३ पासून निम्म्या भाड्याची सवलत आहे. तेव्हा आईने एकटीने गावी जाऊन यायचे म्हटले, तर ‘कशाला दगदग’ असे म्हणून अडवण्यापेक्षा तिला स्थानकावर सोडून यावे.

विमानाने येणारा भाऊ

आजारपणात आणखी एक प्रकार घडतो. गावात राहणारी बहीण किंवा वहिनी वर्षानुवर्षे दवाखान्याच्या खेपा घालत असते. मोठे दुखणे आले की दूरचा भाऊ विमानाने येतो, दोन दिवसांत डॉक्टर बदलायला सांगतो, आणि चौथ्या दिवशी परत जातो. त्याच्या घाईमागे अपराधी भावना असते, हे मला समजते, पण तिची किंमत जवळच्या माणसाने का मोजावी? डॉक्टरांशी कोण बोलणार ते एकाचेच नाव ठरवून टाकावे. दूरच्याने खर्च उचलावा, कागदपत्रे पाहावीत (सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू शकतात), आणि वर्षातून दोन आठवडे स्वतः राहून जवळच्याला सुट्टी द्यावी. हे शेवटचे सहसा कोणी करत नाही.

मृत्युपत्राविषयी थोडक्यात सांगायचे, तर ते सर्व भावंडांसमोर आणि सगळे धडधाकट असताना बोलावे. बँकेत नाव लावलेला नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे घरातल्या सर्वांना माहीत असावे. तेराव्याच्या दिवशी बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवणारी घरे पुढे भाऊबीजेलाही एकत्र येत नाहीत.

बोलणे आधीच तुटले असेल तर

पत्राने किंवा लांबलचक मेसेजने जुने हिशेब मिटवण्याच्या भानगडीत पडू नये. मुलांना आणि जोडीदाराला घरी ठेवून एकट्याने जावे, आणि हाती एखादे साधे काम घेऊन जावे: न्हाणीघरात आधाराचा दांडा बसवायचा आहे, माळ्यावरच्या पेट्या उतरवायच्या आहेत, जुन्या फोटोंमागे नावे लिहायची आहेत. हात कामात असले की बोलणे आपोआप निघते, आणि नाही निघाले तरी दिवस वाया जात नाही. गेल्या गेल्या वडील बहुधा विचारतील, ‘किती दिवस आहेस?’ त्याचा राग मानू नये आणि ‘बघू’ असे उत्तरही देऊ नये. दिवसांचा नेमका आकडा सांगावा, कारण त्यांना उद्यापासून दूध किती जास्त घ्यायचे ते ठरवायचे असते.