सागरी सीमेच्या बोलणीआधी ओहोटी मोजा

मी मालवणचा. जलसर्वेक्षणात तीस वर्षं काढली. शेजारी देशाशी सागरी सीमेची बोलणी करायला निघालेल्या तरुणांना माझं पहिलं सांगणं असतं: रेषा कुठून न्यायची यावर भांडण्याआधी ती कुठून मोजायची ते दोघांनी मिळून ठरवा.

१९८२च्या सागरी कायदा करारानुसार मोजणी ओहोटीच्या रेषेपासून होते. पण कुठल्या ओहोटीच्या? अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, पाणी जेमतेम उतरतं. अमावास्येच्या उधाणाला तेच पाणी लांबवर ओसरतं आणि एरवी न दिसणारा खडक उघडा पडतो. त्यात दोन देशांच्या नकाशांवरचं खोलीचं शून्य एकच असेल असंही नाही. म्हणून दोन्हीकडचे सर्वेक्षक एकाच बोटीत बसवा. भरती मोजायची पट्टी एकत्र रोवा, निदान २९ दिवस रात्रंदिवस नोंदी घ्या आणि रोज एकाच वहीत दोघांच्याही सह्या घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण पुढचे कितीतरी वाद इथेच मिटतात.

वाळूच्या बेटावर दावा उभारू नका. हरियाभंगा नदीच्या मुखाशी १९७०च्या चक्रीवादळानंतर वर आलेलं बेट भारताला न्यू मूर, तर बांगलादेशाला दक्षिण तालपट्टी. दोघं हक्क सांगत राहिले आणि बेट पाण्याखाली गेलं. दोघांच्या सागरी सीमेच्या २०१४च्या निवाड्यात आंतरराष्ट्रीय लवादाने तिथे आधारबिंदू, म्हणजे रेषा जिथून मोजायची तो बिंदू, धरायला नकार दिला.

पक्के बिंदू ठरले की दोन्ही किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावरची मध्यरेषा काढायला वेळ लागत नाही. मग किनाऱ्याचा आकार पाहा. बांगलादेशाचा किनारा आत वळलेला. नुसत्या मध्यरेषेने त्याचा समुद्र कोंडला जात होता. लवादाने रेषा वळवली आणि वादातल्या सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाकडे गेले. शेजाऱ्याची अशी अडचण नकाशावर दिसत असेल तर ती आपणहून मान्य करा. लवादाकडे गेलात तर तुमच्या हातात काही उरत नाही.

कधी मोजणी होऊनही रेषा अडते. गुजरात आणि पाकिस्तानचा सिंध यांच्यामधल्या सर क्रीक खाडीचं संयुक्त सर्वेक्षण २००७ मध्ये झालं. तरी सीमा खाडीच्या मधून की पूर्व काठावरून, हा वाद कायम आहे. अशा वेळी तात्पुरती व्यवस्था लगेच लिहून घ्या, आणि ती लिहिताना एक तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचा प्रमुख, शेजारी बसवा. गुजरातच्या बोटींवर कामाला गेलेले पालघरचे खलाशी पाकिस्तानच्या तुरुंगात पडतात, हे मला सहन होत नाही. १९८२च्या कराराचं ७३वं कलम सांगतं की, दोन देशांत वेगळं ठरलेलं नसेल तर अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या (किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या पट्ट्यातल्या) मासेमारीच्या गुन्ह्याला कैद देता येत नाही. ते कलम मसुद्यात शब्दशः घ्या. खाली तीन मुदती लिहा: घरी किती तासांत कळवायचं, माणसं किती दिवसांत सोडायची, बोट कधी परत द्यायची.