२१४७४८३६४७ ही संख्या मूळ आहे, हे स्वतः कसं पडताळाल?

२^३१ − १ म्हणजे २१४७४८३६४७. ती मूळ असल्याचं गणितज्ञ ऑयलरनं १७७२ साली कळवलं, तेही हातानं भागाकार करून.

आधी घातांक पाहा. तो मूळ नसेल तर पुढे जायलाच नको: १५ ला ३ आणि ५ नं भाग जातो, म्हणून २^१५ − १ ला ७ आणि ३१ नं भाग जातो. पण घातांक मूळ असणं पुरेसं नाही. २^११ − १ = २०४७ = २३ × ८९.

ऑयलरची युक्ती विभाजकांच्या रूपात होती. प हा २ सोडून दुसरा मूळ घातांक असेल, तर २^प − १ चा प्रत्येक मूळ विभाजक २कप + १ असा असतो (इथे क पूर्णांक) आणि त्याला ८ नं भागल्यास बाकी १ किंवा ७ उरते. २३ आणि ८९ वर ताडून पाहा. ३१ साठी उरतात फक्त २४८क + १ आणि २४८क + ६३. विभाजक वर्गमूळापर्यंतच शोधायचे; ते ४६३४० च्या आसपास, म्हणजे ३७३ उमेदवार. त्यातलेही संयुक्त गाळायचे. एरवी ४७९२ मूळ संख्यांनी भागत बसावं लागलं असतं.

लुकास-लेमर चाचणीत तर विभाजक शोधावेच लागत नाहीत. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, २^प − १ नं भागून बाकी ठेवा. असं प − २ वेळा. शेवटी ० आलं तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. घातांक २ ला मात्र ही चाचणी लागू नाही.

आधी १२७ वर (घातांक ७) हात बसवा: ४, १४, ६७, ४२, १११, ०. बाकी काढायला १२७ नं भागू नका, १२८ नं भागा आणि भागाकार व बाकी यांची बेरीज करा. ६७ चा वर्ग उणे २ = ४४८७ = ३५ × १२८ + ७, म्हणून ३५ + ७ = ४२. बेरीज १२७ च्या वर गेली तर तीच कृती पुन्हा. शेवटच्या पायरीला ९६ + ३१ = १२७ येतं; तेच शून्य. इथे हमखास गफलत होते.

३१ साठी २९ पायऱ्या. ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४ इथवर भागावंही लागत नाही. पुढचा वर्ग १९ अंकी, आणि एक्सेल फक्त १५ अंक अचूक धरतं. बाकीचे अंक गळतात, बाकी चुकते आणि एकदा चुकलेली साखळी पुढे सावरत नाही. म्हणून पायथॉन ही संगणकभाषा वापरा, त्यातले पूर्णांक हवे तेवढे लांब होतात. सी भाषेत ३२ बिटांचा पूर्णांक अपुरा पडतो, ६४ बिटांचा घ्या.

उत्तर ० आलं की मागची ओळही बघा. तिथे ६५५३६ किंवा २१४७४१८१११ यांपैकीच एक हवं, कारण ज्यांचा वर्ग केल्यावर २ बाकी उरते अशा या दोनच संख्या. तिसरंच काही दिसलं तर ते शून्य चुकून आलेलं आहे.